बाईंच्या वहीतले अकरा गुरुवार

आमच्या अभ्यासवर्गात त्यांना सगळ्या ‘धाकट्या’ म्हणायच्या. वय अठ्ठावन्न, केस पांढरे, तरी धाकट्याच. कारण त्यांची मोठी बहीण, जिने हा वर्ग सुरू केला, ती आमची ‘बाई’. बाई आयुष्यभर शाळेत शिकवत आल्या, निवृत्त झाल्यावर आम्हाला शिकवू लागल्या, आणि समोर कुणीच नसलं तर धाकट्यांना शिकवायच्या. दोघींनी लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात दोघीच राहायच्या.

दर गुरुवारी साडेचारला चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही सहा-सात बायका पवित्र शास्त्र घेऊन बसायचो. बाई एक उतारा घ्यायच्या, त्यावर प्रश्न विचारायच्या आणि उत्तर चुकलं की चष्म्यावरून बघायच्या. मी सासूबाईंना सोडायला म्हणून जायला लागले आणि तिथेच अडकले; माझं ऐकून वर्गात सगळ्याच त्यांना ‘सासूबाई’ म्हणू लागल्या. धाकट्या कडेच्या खुर्चीत बसायच्या आणि चकार शब्द बोलायच्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “मला त्यातलं फारसं कळत नाही. मी ताईला घरी न्यायला येते.” वर्ग सुटायचा सहाला. एकोणीस वर्षं त्या ताईला घरी न्यायला साडेचारलाच येत होत्या.

धाकट्या दातांच्या लॅबमध्ये कामाला होत्या. डॉक्टरांकडून रोग्यांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतून साचा करायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग कवळी पक्की करून तिच्या कडा घासायच्या, पॉलिश करायचं. तीस वर्षं हेच काम. निम्म्या गावाचे दात त्यांच्या हातून गेले होते, पण ज्यांच्या तोंडात गेले त्यांची तोंडं त्यांनी कधी पाहिली नव्हती. बाईंचं तेवढं पाहिलेलं. बाईंची कवळी त्यांनीच केली होती.

एका मंगळवारी सकाळी बाई न्हाणीघराच्या दारात पडल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शनिवारी दुपारी हॉस्पिटलमध्येच गेल्या. सोमवारी दफन झालं. धाकट्या कबरीपाशी उभ्या होत्या, हातात पर्स धरून, बसची वाट बघत असल्यासारख्या. डोळ्यांत टिपूस नाही. उलट, लांबून आलेल्या नातेवाइकांना बसायला खुर्च्या मिळाल्या का, हे विचारत होत्या. त्यांची एक मामेबहीण माझ्या कानाशी कुजबुजली, “दगड आहे दगड.” मंगळवारी त्या कामावर गेल्या.

आणि गुरुवारी आम्ही वर्गाला पोचलो तर खोली उघडी, पंखा चालू, खुर्च्या गोलात मांडलेल्या. धाकट्या टेबल पुसत होत्या.

आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, त्यांना आम्ही पाळकबाई म्हणतो, त्या दारातच थबकल्या. “अहो, तुम्ही कशाला आलात आज?”

“किल्ली आमच्याकडे असते,” धाकट्या म्हणाल्या.

आता वर्ग कोण घेणार, असं आम्ही एकमेकींकडे बघतोय, तोवर त्यांनी पिशवीतून बाईंची वही काढली. बाईंचं सगळं शिस्तीचं. पुढच्या अकरा गुरुवारांचे धडे तारखा घालून तयार होते. “ताईने लिहून ठेवलंय. मी वाचते,” म्हणाल्या आणि वाचायला लागल्या. वाण्याकडे यादी वाचून दाखवावी तसा सपाट आवाज. बाईंनी स्वतःसाठी लिहिलेल्या सूचनासुद्धा त्यांनी सोडल्या नाहीत.

“‘इथे थांबावे. कोणी बोलते का पाहावे.’” एवढं वाचून त्या थांबल्या. कोणी बोलेना. मग पुढे वाचलं, “‘सासूबाई विषय भलतीकडे नेतील. हळूच आवरावे.’”

माझ्या सासूबाई ताठ झाल्या. “मी? मी कधी विषय भलतीकडे नेला? परवा माझ्या बहिणीच्या नणंदेकडे गेले होते, तिथेसुद्धा त्यांचा जावई काय म्हणाला...”

कुणाला तरी हसू फुटलं आणि मग सगळ्याच हसलो, सासूबाईंसकट. बाई जाऊन पाच दिवस झाले होते. धाकट्यांनी आमचं हसणं संपेपर्यंत वाट पाहिली, ओळीवर बोट ठेवून, आणि पुढची ओळ वाचली.

असं अकरा आठवडे चाललं. खोलीत बाईंचेच शब्द यायचे, फक्त बाई नसायच्या. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी धाकट्यांचा दाखला दिला, दुःखात विश्वास कसा धरावा म्हणून. लोक बाहेर पडताना त्यांचा हात हातात घेऊन “काय खंबीर हो तुम्ही” म्हणायचे. त्या “हो” म्हणायच्या.

आमच्यात एक निवृत्त नर्सबाई आहेत. त्या जिना उतरताना मला म्हणाल्या, “खंबीर कसली? वॉर्डात असे खूप बघितलेत मी. ब्लाउज बघितलास का तिचा? खांद्यावरून उतरतोय. जेवते की नाही देव जाणे.” त्यानंतर दर गुरुवारी त्या धाकट्यांपुढे बिस्किटांची बशी सरकवायच्या. धाकट्या एक उचलायच्या आणि वर्ग संपेपर्यंत हातात धरून ठेवायच्या.

बारावा गुरुवार आला. धाकट्यांनी वही उघडली. “तारीख आहे,” त्या म्हणाल्या. “कुठला अध्याय तेही आहे. खाली काही नाही.” पान उलटलं. “पुढेही काही नाही.”

“हरकत नाही,” पाळकबाई म्हणाल्या, “आपण नुसता अध्याय वाचू.” त्यांनी मला वाचायला लावलं.

तो दोन बहिणींचा अध्याय निघाला. त्यांचा भाऊ आजारी पडतो. त्या प्रभूला निरोप धाडतात, पण तो लगेच येत नाही; येतो तेव्हा भावाला कबरीत ठेवून चार दिवस झालेले असतात. एक बहीण धावत रस्त्यापर्यंत जाते आणि त्याला उशिराचा जाब विचारते. दुसरी घरातच बसून राहते. मी तिथवर वाचलं आणि थांबले. पुढे वाचावं की नाही तेच कळेना.

पाळकबाईंनी प्रेमानेच विचारलं, “धाकट्या, तुम्हाला काय वाटतं?”

“काही वाटत नाही.”

“म्हणजे या उताऱ्याबद्दल...”

“कशाबद्दलच वाटत नाही.” वही मिटून त्यांनी मांडीवर घेतली. “दाढ काढताना भूल देतात ना? ओठ जाड होतो. आपणच आपला ओठ चावला तरी कळत नाही. तसं आहे. तीन महिने. तुम्ही सगळे खंबीर खंबीर म्हणता, तर मी हो म्हणते. काय सांगू दुसरं?”

 त्या तशाच, यादी वाचल्यासारख्या बोलत राहिल्या.

“हॉस्पिटलवाल्यांनी पिशवी दिली हातात. घड्याळ, चष्मा, कवळी. दोन वर्षं म्हणत होती, डावीकडे बोचतंय गं. मी म्हणायची, दे उद्या, नेते आणि करून आणते. पाच मिनिटांचं काम. कड जराशी गोल करायची. रोज परक्यांच्या दहा-बारा करते मी. तिथली नर्स म्हणाली, हिरडीला जखम आहे यांच्या, जुनी दिसते. दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी ती कवळी लॅबमध्ये नेली. कड घासली. पॉलिश केली. मग लक्षात आलं की घालायला कोणी नाही. तेव्हासुद्धा काही वाटलं नाही. मनात आलं, छान झालीय.”

पाळकबाईंनी काही तरी बोलायला तोंड उघडलं. नर्सबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाळकबाईंनी तोंड मिटलं.

तेवढ्यात माझ्या सासूबाईंनी आमच्याकडे पाठ फिरवली. मला वाटलं, रडतायत. त्या परत वळल्या तेव्हा गाल आत गेलेले आणि हातात रुमालाची पुरचुंडी. ती त्यांनी टेबलावर धाकट्यांसमोर ठेवून उघडली. आत त्यांची खालची कवळी.

“आई!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तू गप गं,” सासूबाई बोळक्या तोंडाने म्हणाल्या. मग धाकट्यांना, “माझी बघ. ही पण बोचते. वर्ष झालं.”

धाकट्यांनी कवळीकडे पाहिलं. मग उचलली, उजेडात धरली, अंगठा कडेवरून फिरवला. “ही आमच्या लॅबची नाही.”

“नसू दे.”

“कुठे बोचते?”

सासूबाईंनी सरळ तोंडात बोट घालून दाखवलं.

“जेवताना काढून ठेवता?”

“ठेवते. हिला नाही सांगितलं.”

ही म्हणजे मी. वर्षभर या बाईला मी सगळं चहात बुडवून खाताना पाहत होते आणि नवऱ्याला सांगत होते, तुमच्या आईला चहाचं भारीच वेड लागलंय. एकाच टेबलावर जेवतो आम्ही. मी मान खाली घातली.

“उद्या देते करून,” धाकट्या म्हणाल्या. म्हणाल्या आणि गप्प झाल्या. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी कवळी रुमालात गुंडाळली. “नाही. आजच. लॅब साडेसातपर्यंत उघडी असते.”

अध्याय तसाच अर्धवट राहिला. आम्ही तिघी चालत निघालो. सासूबाई तोंडाला पदर लावून, आयुष्यात पहिल्यांदाच सलग वीस मिनिटं गप्प. लॅब म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. सगळ्यावर प्लास्टरची पांढरी पूड, फळीवर ओळीने साचे, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. धाकट्यांनी ॲप्रन चढवला, यंत्र सुरू केलं. दोन-तीनदा कड नुसती टेकवली, धुतली, सासूबाईंच्या हातात दिली.

“चावा बघू.”

सासूबाईंनी हवा चावली. “अजून जरा.”

पुन्हा यंत्र, पुन्हा पाणी. “आता?”

“इकडे नाही. तिकडे थोडं.”

तिसऱ्या खेपेला सासूबाई बराच वेळ नुसता जबडा हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, “नाही बोचत.”

“नक्की? माझ्यासाठी म्हणू नका.”

“तुझ्यासाठी कशाला म्हणू? तोंड माझं आहे.”

खरं सांगते, मी धाकट्यांच्या रडण्याची वाट बघत होते. आता बांध फुटेल, आता मी त्यांना जवळ घेईन, असं सगळं मनात ठरवून उभी होते. तसं काही झालं नाही. त्यांनी यंत्र बंद केलं, त्यावर फडकं घातलं, हात धुतले आणि विचारलं, “तुम्हाला बस कुठून मिळते माहीत आहे का?”

पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं की वर्ग घेणं आपल्याला जमणार नाही. बाईंची वही त्यांनी घरी ठेवून घेतली. तेव्हापासून आम्ही पाळीपाळीने वर्ग घेतो. पाळकबाई तयारी करून येतात, मी आदल्या दिवशी घाबरते, आणि सासूबाईंची पाळी असली की साडेसातपर्यंत कुणी घरी पोचत नाही. राहिलेला अध्याय नर्सबाईंनी पुरा केला. त्यांनी त्यावर फार बोलणं टाळलं. एवढंच म्हणाल्या की घरात बसून राहिलेल्या बहिणीला कुणी रागावलेलं नाही, तिला शेवटी निरोप पाठवून बोलावून घेतलंय. धाकट्यांनी ऐकलं. ऐकून त्यांना काय वाटलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

नर्सबाई मात्र विचारतात. दर गुरुवारी, वर्ग सुटल्यावर, ताप मोजावा तशा. “काय गं, काही वाटतं का?”

“नाही.”

“बरं.”

दहा महिने हे असंच चाललं होतं. गेल्या गुरुवारी आम्ही खुर्च्या आवरत होतो. नर्सबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं. धाकट्या जरा विचारात पडल्या.

“काल भाजी खारट झाली होती,” त्या म्हणाल्या. “टाकून दिली आणि दुसरी केली.”

“दुसरी खाल्लीस?”

“निम्मी.”

“बरं,” नर्सबाई म्हणाल्या, आणि पुढच्या गुरुवारी कुणाची पाळी आहे ते बघायला भिंतीवरच्या कागदाकडे गेल्या.