सासऱ्यांची मंतरलेली तलवार

आमच्या सासऱ्यांइतका संशयी माणूस अख्ख्या गिरगावात दुसरा झाला नाही. दुधाने तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. हे गृहस्थ काही न पोळताच पाणीसुद्धा फुंकून पीत. घरातलं घड्याळ आपल्याला कचेरीत उशिरा पोचवण्याच्या कटात सामील आहे, अशा समजुतीने ते रोज कोपऱ्यावरच्या इराण्याचं घड्याळ पाहून येत, आणि इराण्याचाही भरवसा नसल्यामुळे वाटेत आणखी दोघांना वेळ विचारत. आंब्याची पेटी उघडली की तळातला आंबा मागत, आणि तो चांगला निघाला तर वरचे नासके असणार म्हणून पेटीच घेत नसत. विश्वास त्यांचा एकाच वस्तूवर होता, आणि ती म्हणजे बाहेरच्या खोलीत खुंटीला टांगलेली मंतरलेली तलवार.

ही तलवार म्हणे त्यांच्या खापरपणजोबांना एका गोसाव्याने दिली होती. गल्लीत चोर शिरला की ती गुणगुणे, घरावर संकट यायचं असलं की तिला घाम फुटे, आणि खोटं बोलणाऱ्याच्या तळहातांवर ठेवली तर ती आपण होऊन म्यानातून बाहेर सरकू लागे. ही शेवटची शक्ती त्यांनी दूधवाल्या भैयावर वापरून पाहिली. त्याच्या हातांवर तलवार ठेवली मात्र, "शेटजी, पावशेर पानी है," असं सांगून तो मोकळा झाला. सासरे पुढे वर्षभर हा दाखला देत होते. "तलवार कुठे हलली? कापरं भैयाला भरलं होतं," असं सासूबाई म्हणत, तेव्हा ते त्यांच्याकडेही संशयाने बघत.

त्या काळी लोक मुलगी बघायला जात. या घरात मुलगा बघत, तोही हातात तलवार देऊन. माझ्याआधी चार मुलं परत गेली होती. मी लालबागच्या चाळीतला शाळामास्तर. सुमनने पोह्यांची बशी पुढे केली, एकदाच वर पाहिलं, आणि लग्न करीन तर हिच्याशीच, असं माझ्या मनाने घेतलं. इतक्यात तलवार आली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. सासरे सरकारी कचेरीत हेडक्लार्क; रस्त्यावर घोषणा ऐकू आल्या की आधी खिडक्या लावून घेणारे. त्यांनी तलवार माझ्या तळहातांवर आडवी ठेवली, मूठ आणि म्यान जुळतात तिथे आपली बोटं टेकवली आणि विचारलं, "मास्तर, चळवळीत कितपत आहात?"

खरं तर मी सत्याग्रह करून तीन आठवडे तुरुंगात राहून आलो होतो, आणि शाळेला विषमज्वर झाल्याचं कळवलं होतं. पण सुमन दाराआड उभी होती. खरं सांगितलं तर ती हातची जाणार.

"छे! लांबूनच बघतो," मी म्हणालो. माझी पाचावर धारण बसली होती. सासऱ्यांनी डोळे मिटले, मग उघडले आणि ते म्हणाले, "हलली नाही. मुहूर्त बघा."

तेव्हापासून तलवार कुचकामी आहे, हे जगात मला एकट्यालाच ठाऊक होतं. दर दसऱ्याला ते तिला झेंडूची माळ घालत आणि माझ्याकडे रोखून बघत. यांना कळलंय की काय, या संशयाने माझ्या घशाखाली श्रीखंड उतरत नसे. त्यांचा रोग मला जडला तो असा. पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईही त्यातच राहिली, आम्हाला मुलं झाली, सासरे निवृत्त होऊन थकले. एका दसऱ्याला मात्र मला राहवेना. म्हटलं, "मामा, बघायला आलो त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. तुरुंगात जाऊन आलो होतो मी."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "हलली होती. चांगली बोटभर सरकत होती. मी दाबून धरली."

मी चाटच पडलो. "आणि ती आधीची चार मुलं?"

"त्यांच्या हातांत ढिम्म! चौघेही खरंच बोलत होते, चळवळीत कधी पाऊल टाकलंच नव्हतं त्यांनी. नोकरीपायी मी घरात दडून बसलो, जावईबापू. जावईसुद्धा तसलाच आणायचा?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आठवण आली की अजून गलबलून येतं. तलवार माझ्याकडेच आहे. एकदा ती तळहातांवर घेऊन मुद्दाम खोटं बोलून बघावं, असं पुष्कळदा मनात येतं, पण हात पुढे होत नाही. ती हलली नाही, तर मामा खोटे ठरतील.