भिकाजीचा गोल

दोन हजार सहा साल. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो आणि वडनेरच्या स्टँडवर माझ्या दुकानाच्या पाटीवर माझ्याच हातानं रंगवलेलं होतं, 'फक्त मर्दानी कपडे'. बायकांचं साधं पोलकं मी कधी शिवलं नाही. शाळा माझी चौथीत सुटली, पण पॅन्टीची इस्तरी आणि मानेचा ताठा मी कधी मोडू दिला नाही. अशा माझ्या दुकानात ऐन दिवाळीच्या गर्दीत भिकाजी आला, पिशवीतून एक परकर काढला आणि गिऱ्हाइकांच्या देखत टेबलावर पसरला.

"मास्तर, या मापाचा एक शिवून दे. लांबी घोट्याच्या वर घे, घेर एवढाच राहू दे. कापड मात्र मांजरपाट लाव, जाड."

"कोणाले?"

"मले."

गिऱ्हाइकं हसली. मी हसलो नाही, कारण परकर मी ओळखला. तो सरूवहिनीचा होता, भिकाजीच्या बायकोचा, त्यांच्या दोरीवर वाळताना कितीदा पाहिलेला, आणि ती त्याच साली होळीच्या आसपास गेली होती. मला वाटलं, गड्याच्या डोक्यावर परिणाम झाला. सहा फूट उंच, मिशा अशा की लिंबू ठेवावं, आणि परकर मागतो! मी त्याला हळूच म्हणालो, "भिकाजी, घरी जाय. चार दिवसानं ये."

"चार दिवसानं कापूस खाली गळते," तो म्हणाला आणि बाकड्यावर बसला. उठेचना.

आमच्याकडे कापूस पेरतो पुरुष, फवारतो पुरुष, गाठोडं उचलून गाडीत टाकतो पुरुष. पण वेचते बाई. लुगड्याची ओटी करायची, एकेक ओळ धरायची आणि ओटी भरत पुढे सरकायचं. पुरुष बांधावर बसून तंबाखू मळतो. ही रीत माझ्या आज्यापासूनची. सरूवहिनी होती तोवर भिकाजीला चिंता नव्हती, तिच्या एका हाकेवर बायांची टोळी यायची. पण ती गेली आणि इकडे सगळ्या गावानं बीटी, म्हणजे कापसाचं नवं बियाणं, पेरलेलं. जुना कापूस सवडीनं फुटायचा, आज या वावरात, पंधरा दिवसांनी त्या. बीटी मात्र सगळ्यांची एकाच हप्त्यात पांढरी. बाया येणार कोणाकोणाकडे? दुसऱ्या गावचे लोक पहाटेच गाड्या घेऊन यायचे आणि आमच्या बाया भरून न्यायचे. आमचे पुरुष बांधावर बसून आभाळाकडे बघत राहायचे.

भिकाजी बसला नाही. आधी धोतर नेसून वेचायला गेला, तर बोंडाच्या वाळक्या टोकांनी धोतराच्या चिंध्या झाल्या. "अन् पॅन्टीत दोन पाय दोन बोगद्यात," तो मला म्हणाला. "ओटी काय खिशात करू? सरूचं लुगडं नेसता येत नाही मले. घेर पायजे. समोरून उचलला, कमरेले खोचला, की झाली ओटी."

"लोक काय म्हणतीन?"

"लुंगीले म्हणते काय? धोतराले म्हणते काय? टोळीतल्या हमीदाबीच्या नवऱ्याच्या तहमदले म्हणते काय? घेर तोच. सुटा असला तं मर्दानी अन् शिवला का जनानी? मंग खोट तुह्या सुईत हाये, मास्तर."

हे त्यानं गिऱ्हाइकांच्या देखत सुनावलं. माझ्या सुईला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं. मी रागानंच कापड फाडलं आणि शिवून त्याच्या अंगावर फेकलं. असा शिवला की खताची दोन पोती बांधून ओढली तरी शिवण उसवणार नाही. भिकाजीनं तिथेच घातला, एक गिरकी घेतली आणि म्हणाला, "याले परकर नको म्हणू. हा गोल."

सरूवहिनीचा परकर तो न्यायला विसरला असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी हाक मारून सांगितलं तर म्हणाला, "राहू दे तुह्या खुंटीले. माप हाये ते."

टोळीतल्या बाया पहिल्या दिवशी हसून हसून ओळीत बसल्या. त्यात हमीदाबी सगळ्यांत वडील, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "भिकाभाई, घेर तो मेरेसे अच्छा है. कमर भी हिलाओ जरा." भिकाजीनं खरंच हलवली. मग त्यानं सरूवहिनीची, म्हणजे बांधाकडची पहिली ओळ धरली. ती ओळ टोळीच्या मुखत्यार बाईची असते. कोणी हरकत घेतली नाही. पुढे मग त्या बाया आधी त्याच्या वावरात यायच्या आणि तो त्यांच्याबरोबर दुसऱ्यांच्या वावरात जायचा. मजुरी बायांइतकीच घ्यायचा. पुरुषाची मागितली नाही.

गोल वावरातच राहिला असता तर गाव विसरलं असतं. पण भिकाजीला तो मानवला. "वारा लागते बे," एवढंच कारण. बँकेत गोल, नांदुऱ्याच्या बाजारात गोल, झेंडावंदनाला पांढरा धुतलेला गोल. एकदा ग्रामसभेत सरपंच म्हणाला, "भिकाभाऊ, सभेत नीट कपडे घालून येत जा." भिकाजी उभा राहिला. "माह्यं काय दिसून राह्यलं? तुह्या पॅन्टीची चेन मात्र कवाची उघडी हाये." सरपंचानं खाली पाहिलं. खरंच होती. सभा त्या दिवशी तिथेच संपली.

माझ्या दुकानात टीव्ही होता. त्यावर एकदा कुठल्याशा परदेशातली पलटण दिसली. चांगले दणकट गडी, चौकड्याचे घागरे घातलेले, काखेत पिशवीचा बाजा दाबून वाजवत चाललेले. मी चुण्यांकडे बघत राहिलो, काय बसवल्या होत्या! भिकाजी चहा प्यायचा थांबला आणि म्हणाला, "पाह्य मास्तर, टोळी निघाली वेचणीले. त्याहीची बी बीटी फुटली वाटते."

मी त्याला कितीदा सांगितलं असेल, "भिकाजी, मी शिवतो तुझा हट्ट म्हणून. पण मेलो तरी असलं अंगाला लावणार नाही." तो म्हणायचा, "तुले कोण देते? माप माह्यं हाये."

हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती ती गोष्ट त्याच्या मुलीची. मंगल. आई गेल्यावर या बापानं तिला वेणी घालून कॉलेजात पाठवली. पोरगी हुशार, पण स्थळं यायची आणि स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बापाची कीर्ती ऐकून परत जायची. शेवटी जळगाव जामोदकडचं एक स्थळ पक्कं येतो म्हणालं. मुलगा शाळेत मास्तर, घरी बागाईत. मंगलनं बापाला विनवलं, "बाबा, एक दिवस पॅन्ट घाला."

"एक दिवस काय, दोन दिवस घालतो तुह्यासाठी," तो म्हणाला. मी माझ्या पदरचं टेरिकॉट काढून पॅन्ट शिवली.

त्या दिवशी सकाळी मी पॅन्ट घेऊन गेलो तर भिकाजी घरी नाही. आभाळ भरून आलेलं, कापूस फुटलेला, हा पहाटेच वावरात. पाहुणे दुपारी येणार होते, पण लवकरची गाडी मिळाली आणि ते वावराच्या फाट्यावरच उतरले. पुढचं हमीदाबीनं मला सांगितलं. डोक्याला फडकं, भरलेली ओटी, वाकलेली पाठ बघून मुलाच्या बापानं हाक मारली, "ओ बाई, भिकाजीचं घर कोणतं?"

बाई वळली, तर मिशा.

भिकाजीनं शांतपणे रस्ता सांगितला. "सरळ जा, पाण्याच्या टाकीजवळ वळा." आणि पाहुणे दिसेनासे झाल्यावर आडवाटेनं असा पळाला की मागच्या दारानं आत शिरला तेव्हा ओटीतला कापूस अख्ख्या घरात उधळला. मी त्याला पॅन्टीत अक्षरशः कोंबला. पाहुणे आले तेव्हा तो ओसरीवर बसला होता, मिशीत कापसाचा एक पुंजका अडकलेला.

मुलाचा बाप त्या कापसाकडे बघत होता. चहा झाला. मग तो म्हणाला, "मघाशी वावरात तुमच्यासारखंच कोणी..."

माझ्या मनात आलं, नाही म्हण. भाऊ होता म्हण.

"मीच होतो," भिकाजी म्हणाला. "उद्या बी मीच असीन."

पाहुणा बरा माणूस होता, ओरडला नाही. थोडा वेळ सुपारी कातरत बसला आणि म्हणाला, "पोरगी पसंत आहे. पण एक गोष्ट. तुम्ही तुमच्या गावात काय घालता ते घाला. आमच्या गावात ते घालून यायचं नाही. तेवढा शब्द द्या."

भिकाजीचा हट्ट मला माहीत होता. पण त्या वेळी मी त्याचं तोंड पाहिलं, तो हो म्हणणार होता. ओठ हललेही होते. तेवढ्यात दारातून मंगल बोलली.

"बाबा, हो म्हणू नका." मग पाहुण्याकडे वळून, "मी तुमच्या घरी नांदायचं अन् माह्या बापानं दर खेपेले वेशीवर पॅन्ट बदलायची? मले नाही जमणार."

पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं गेले.  भिकाजी उठला, आत जाऊन पॅन्ट काढली, गोल घातला, पॅन्ट घडी करून माझ्या हातात दिली. डोळे पुसत नव्हता, पण मिशी ओली होती. "तूच म्हणली होती ना पोरी, घाला म्हून?" त्यानं विचारलं.

"मी म्हटलं तर घालायची," मंगल म्हणाली. "त्याहीनं म्हटलं तर नाही."

दोन वर्षांनी तिचं लग्न नांदुऱ्याच्या एका मुलाशी झालं. त्या मुलानं काहीच अट घातली नाही, "मामा, तुम्हाले आवडीन ते घाला," म्हणाला. तर भिकाजी मांडवात टेरिकॉटची पॅन्ट घालून उभा! मी विचारलं, काऊन बे? तर म्हणतो, "कोणी म्हणलं नाही म्हून घातली."

दर दिवाळीला त्याचा नवा गोल मी शिवायचो. माप मला तोंडपाठ होतं, तरी तो मला खुंटीवरचा परकर काढायला लावायचा. मी टेप लावायचो आणि तो परकराचं एक टोक धरून उभा राहायचा. नुसतं धरायचा. 

मग गुलाबी अळीचं साल आलं. बोंड फोडावं तर आत अळी, कापूस पिवळा, कवडीचा. लोकांनी कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली. भिकाजी माझ्या दुकानात बसून म्हणाला, "चांगलं होतं तवा वेचलं, आता वाईट झालं म्हून टाकून देऊ? बोंडात जेवढं चांगलं हाये तेवढं वेचायचं." त्याच्या छातीत दुखत होतं, ते त्यानं सांगितलं नाही. सांगितलं एवढंच, की नवा गोल झाला असेल तर बाजाराच्या दिवशी नेतो. तो झालाच होता, घडी करून ठेवलेला. न्यायला तो आला नाही. त्या दिवशी दुपारी बांधाकडच्या ओळीतच बसला आणि उठला नाही. ओटी अर्धी भरलेली होती.

मंगल आली. त्याला काय नेसवावं यावर भावकीत कुजबूज चालली होती. तिनं कोणाला विचारलं नाही. मला म्हणाली, "काका, आईचा परकर द्या." तो तिनं त्याच्या अंगावर पांघरला आणि परकर त्याच्याबरोबरच चितेवर गेला. माझी खुंटी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. नवा गोल फळीवर होता. इस्तरीची पॅन्ट काढून खुंटीला टांगली आणि गोल घातला. भिकाजी माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच, गोल जमिनीला लोळत होता. शिंप्याच्या जातीचा मी, अंगात न बसणारं कधी घातलं नाही. पण तो मी दुमडला नाही. दुकानाला कुलूप लावलं, भर स्टँडवरून चालत गेलो आणि त्याच्या वावरात पोचलो. टोळी आलेली होती. बांधाकडची ओळ रिकामीच ठेवली होती. हमीदाबीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. नुसती सरकली. मी घेर उचलून कमरेला खोचला आणि ओळ धरली.