गल्लीतला सगळ्यात हळू फोन

आमच्या लातूरच्या घरात वरच्या खोलीत राहणारा कंधारचा तरुण वेबसाइट बनवतो. बोलतो कमी, तेही स्क्रीनशीच: "हाव, हाव, कळलं. आता काय झालं तुला?" महिनाभर तो मुरुडच्या एका आडत्याची सोयाबीनचे भाव दाखवणारी साइट नव्याने लिहीत होता. जावास्क्रिप्टचं कुठलंसं नवं फ्रेमवर्क, म्हणजे साइट बांधायचा तयार सांगाडा, सापडल्यापासून जेवतानाही त्याचंच कौतुक. "आजी, लई हलकं हाय. निम्मा कोड कमी झाला."

मी त्याला हसले नाही. मिक्सर घरात आला त्याच दिवशी मी पाटा-वरवंटा शेजारणीला देऊन टाकला होता, मोठ्या ऐटीत. दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि मी चटणी वाटायला तिच्या दारात, माझ्याच पाट्यावर!

साइट सुरू करायच्या सकाळी तो खाली आला. "आजी, तुमचा फोन द्या. गल्लीत सगळ्यात हळू तोच हाय." त्यात नवी साइट उघडून पाहिली, तर पान कोरं पांढरं. शेतकऱ्यांकडे असलेच जुने फोन असतात, एवढं मलाही कळलं. तेवढ्यात आडत्याचा फोन आला. पोराच्या लॅपटॉपवर तर सगळं झकास दिसत होतं. दुसरा कुणी "झालं" म्हणून मोकळा झाला असता. हा आडत्याला म्हणाला, "न्हाई झालं, अप्पा. अजून जुनीच साइट चालू ठेवू."

तेव्हापासून रोज सकाळी तो माझा फोन मागायला येतो. माझा मुलगा नवा फोन घेऊन देतो म्हणतोय. त्याला म्हटलं, थांब जरा, हा सध्या कामावर आहे.