मारबेड

राजाजीनगरातल्या त्या घरात दुपार रेंगाळत येते. गुंडूअण्णा भिंतीला तळवा लावून चालत असतात, पाण्यातून चालावं तसे. पोटच्या मुलाचं नाव त्यांना आठवत नाही. घरची मराठीही मिटली. चिकपेटेत जन्मभर साड्या विकल्या, ती दुकानातली कन्नड तेवढी उरली. पण तळव्याला सगळं ठाऊक आहे: इथे कोनाडा, इथे पायरी, इथे न्हाणीघर. ठकुबाई मागून नवऱ्याकडे नुसत्या पाहत राहतात.

घर ठकुबाईंच्या नावावर. पुढे अण्णांना सतत माणूस लागणार, आणि किती वर्षं ते कोण सांगणार? "घर विकू, अव्वा," मुलगा महांतेश आईला म्हणाला होता. "अण्णांना चांगल्या ठिकाणी ठेवू. तू आमच्याकडे कोरमंगलाला ये." ठकुबाई "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या. मुलाला नाही म्हणायची सवयच नव्हती. रविवारी गिऱ्हाईक घर बघूनही गेलं.

दुसऱ्या दिवशी सून सुखदा घाबरीघुबरी स्वयंपाकघरात आली. ती पुण्याची.

"आई, येसाजी अण्णांना मारतो का हो?"

येसाजी म्हणजे अण्णांची देखभाल करणारा माणूस. "अगं, तो झुरळसुद्धा मारत नाही!"

"मग अण्णा मघापासून 'मारबेड, मारबेड' का म्हणताहेत? बेड म्हणजे नको, एवढं कन्नड येतं मला. मारू नको म्हणताहेत ते!"

ठकुबाईंना हसू आवरेना. "धन्य गं तुझं पुणेरी कन्नड! मारण्याला 'होडी' म्हणतात."

"आणि 'मार' म्हणजे?"

शब्द ओठांवर आला आणि हसू थांबलं.

"विकणं," त्या सावकाश म्हणाल्या. "विकू नकोस, म्हणतायत."

बाहेर सोनचाफ्याचा वास उन्हात तरंगत होता.

संध्याकाळी महांतेश आला. "सरी म्हणाले होते, आता नाही म्हणते," ठकुबाईंनी सांगितलं. "दुसरीकडे त्यांचा हात कुठल्या भिंतीला विचारेल? वरचा मजला भाड्याने दे, त्यात येसाजीचा पगार निघेल. आणि आम्ही दोघं असेपर्यंत घर कुणाला विकता येणार नाही, असं काही करता येतं का, वकिलांना विचार."

"आणि भाडं पुरलं नाही तर, अव्वा?"

"तर कोरमंगलात मला पोसणार होतास, ते इकडे पाठव!"

सुखदा फिसकन हसली. महांतेश जिना चढून गेला, आणि लहानपणीच्या त्याच्या खोलीच्या बंद खिडक्या एकेक करून उघडल्याचा आवाज खाली येत राहिला.