प्रस्थान ठेवलेली बॅग

भाचीची बॅग माझ्या घरी मुक्कामाला आली त्या दिवशी भाची साजगावातच होती. भावाने कारखान्यातल्या एका मित्राचा टेंपो घेतला, एकट्यानेच बॅग आणली, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि माहेरवाशिणीला हाताला धरून आणावं तशी ती आत आणली. मुठीला हळदीकुंकवाची बोटं लावलेली, लाल फडक्यात तांदूळ-सुपारीची पुरचुंडी बांधलेली. मी म्हटलं, हे काय रे सोंग? तर म्हणे, पस्तान ठेवायचंय आक्का, तुझ्याकडं.

प्रस्थान ठेवणं हल्लीच्या पोरांना ठाऊक नसतं, म्हणून सांगते. लांबच्या प्रवासाचा मुहूर्त आधीचा असला आणि निघायला अवकाश असला, तर मुहूर्तावर जाणाऱ्याचं सामान वाटेवरच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायचं. सामान हललं म्हणजे माणूस निघाला, असं धरायचं. भाची परदेशी शिकायला चालली होती, विमान पकडायचं होतं ते ऐन पितृपक्षात, आणि त्या पंधरवड्यात पोरीला घराबाहेर काढणार नाही असं भावजयीने ठणकावलं होतं. म्हणून मुहूर्त आधीचा काढला. माझं घर कुंभिवलीला, हायवेलगत, मुंबईच्या वाटेवर, म्हणून मान माझ्या घराला.

सगळं रीतसर झालं होतं. व्हिसा तेवढा यायचा राहिला होता. बाजारात तुरी म्हणतात ते दुसरं काय असतं? मी भावाला तिथल्या तिथे झापला. तो मान खाली घालून म्हणाला की कर्जतचा एजंट म्हणतो येणारच आहे, काळजी नको.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून गणित शिकवलं. कर्जत आणि खालापूर सोडून तिसऱ्या तालुक्याचं पाणी प्यायले नाही. लग्न केलं नाही, ते का ते विचारायचं धाडसही कुणी केलं नाही, माझी जीभच तशी आहे. पण ही भाची माझ्या अंगाखांद्यावर वाढली. शाळेला सुट्टी लागली की ती कुंभिवलीला, माझ्याकडे. असल्या रीतींवर माझा काडीचा विश्वास नाही, तरी तिच्यासाठी म्हणून मी बॅगेला माजघरात खिडकीखाली जागा दिली. भाऊ जाताना नियम सांगून गेला. बॅग उघडायची नाही, जागची हलवायची नाही, आणि काही झालं तरी उलट्या वाटेने घरी न्यायची नाही.

आठव्या दिवशी नकार आला. मोबाइलवर, दोन पानांचं पत्र. मी साजगावला धावले. भाचीने मोबाइल माझ्या हातात दिला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. इतर काय काय लिहिलं होतं ते सोडा, मुख्य वाक्य एकच होतं. शिक्षण संपल्यावर तुम्ही तुमच्या देशात परत जाल याबद्दल माझी खात्री पटलेली नाही. खाली नाव नव्हतं, नुसता एक क्रमांक. आम्ही सगळे त्या क्रमांकावर तुटून पडलो. कोण कुठला तो साहेब, पोरीचं तोंड पाहिलेलं नाही आणि म्हणे खात्री नाही! भावाने टाहो फोडला, मी तर मास्तरकीत न शोभणारे दोन-तीन शब्द काढले. भाची मात्र गप्प होती. मला तेव्हा वाटलं, धक्का बसलाय.

खरी पंचाईत पुढे झाली. मी म्हटलं, उद्या बॅग परत पाठवते. तर भावजय एकदम पुढे झाली.

"वन्सं, पस्तान माघारी आणलं की जाणं तुटतं. मग जन्मात जायाला मिळत नाय. राहू द्या तुमच्याकडंच."

राहिली. आणि त्याचबरोबर दुसरंही एक राहिलं. ज्याचं प्रस्थान ठेवलं तो घरात दिसला तरी पाहुणा, अशी रीत. भावजयीने ती इमानेइतबारे पाळली. पोरीला कामाला हात लावू देईना, ताट पहिलं तिचं, बोलणं हळू आवाजात. पेढे खाऊन झालेली आळी तिला दारात बघायची आणि पटकन दुसरीकडे बघायची. कॉलेजने जागा जानेवारीपर्यंत राखून ठेवली होती, पुन्हा अर्ज करता येणार होता, पण हिला कशाचंच काही नव्हतं. तीन-तीन हाका मारल्या तर एकदा 'हं' म्हणायची, तेही दुसऱ्या कुणाला हाक मारली असावी तसं. ही पोर अशी बसून बसून आमच्या हातून जाते की काय, या एका धास्तीने मला ग्रासलं होतं.

आता माझ्या घरचं ऐका.

बॅग आल्यापासून तिसऱ्या की चौथ्या दुपारी मी पेपर घेऊन आडवी झाले होते. बाहेर ट्रकांची घरघर, आत पंखा. आणि मध्येच बारीक टी-टी-टी असा आवाज. मिनिटभर वाजला, थांबला. मला वाटलं मोबाइल असेल. मोबाइल उशाशीच होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी मी घड्याळ बघून बसले. बरोबर साडेतीनला वाजलं, आणि वाजलं ते बॅगेत. मी कान लावला तर आतून अगदी शांतपणे कुणी तरी कुणाला उठवतंय असं वाटलं. मी हात मागे घेतला. गणिताची बाई असूनही मला हिशोब लागायला दोन दिवस गेले. आपले दुपारचे साडेतीन म्हणजे तिकडचे सकाळचे सहा. माझ्या माजघरात, त्या बंद बॅगेत, रोज तिकडची सकाळ होत होती.

कळल्यावर भीती जायला हवी होती. गेली नाही. साडेतीन व्हायला आले की मी हातातलं काम टाकून बसायची. आवाज थांबला की चहा टाकायची. एका दुपारी बघते तर ओट्यावर दोन कप भरलेले. मीच ओतले होते, दुसरं कोण ओतणार? दुसरा कप मोरीत ओतला आणि स्वतःला मोठ्याने शिव्या घातल्या, म्हातारचळ लागला म्हणून.

त्याच आठवड्यात शेजारीण ताकाची बाटली द्यायला आली. हायवेला तिची टपरी आहे, गप्पिष्ट बाई, पण उगाच बोलणारी नव्हे. म्हणाली, भाची आल्ये वाटतं, मघाशी खिडकीत उभी होती, हाक मारली तर वळली नाय. मी तिला चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगून वाटेला लावलं आणि साजगावला फोन केला. भावजय म्हणाली, ही काय, सकाळपास्नं माझ्यासमोर बसल्ये. मी बरं म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसले होते. माजघरात जायला पाय उचलत नव्हता. चौतीस वर्षं पोरांना भूत नसतं म्हणून शिकवलं, आणि आपल्याच घरात मी चोरासारखी वावरत होते.

शेवटी एजंटचा निरोप आला. दुसरा अर्ज आठ दिवसांत भरायचा. साहेबाला दाखवायला हवं की पोरीचा जीव इथं अडकलाय. कुणीतरी घरचं माणूस तिच्यावर अवलंबून आहे, ती त्यांच्यासाठी परत येणार, असं प्रतिज्ञापत्र हवं. असं माणूस म्हणजे मीच. बिनलग्नाची, एकटी, घर तिच्या नावावर करून ठेवलेली. शिवाय लिहिणारी बाई. आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा होता, तो बॅगेत होता. भावाने फोनवर आवाज खाली आणून सांगितलं, आक्का, पोरीच्या आईला कळू देऊ नको, तुझा काय असल्या रीतींवर विश्वास नाय, तूच उघड.

मी सकाळीच उघडली. दार लावून घेतलं, देवापुढे दिवा लावला, मग दिवा कशाला लावला म्हणून स्वतःवरच चिडले आणि बॅगेची चेन ओढली.

वर स्वेटर, थर्मल, मसाल्याचे पुडे. एका कोपऱ्यात रोज वाजणारं ते छोटं गजराचं घड्याळ, खोपोलीच्या बाजारातलं. दाखल्याची फाइल त्याखाली होती. ती काढली तर तिच्याखाली आणखी एक पिशवी दिसली. मी उघडायला नको होती. त्यात तिचे फोटो होते. बारशाचे, पहिल्या वाढदिवसाचे, गणपतीपुढचे, दहावीच्या निरोपाचे. भावाच्या घरच्या अल्बममधून एक न एक सोडवून घेतलेले, मागे गोंदाचे डाग. तिचे तान्हेपणीचे वाळे. डोस दिल्याचं कार्ड. पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं. तिच्या हस्ताक्षरातलं चिटोरंसुद्धा मागे राहू नये असा बेत दिसत होता. सगळ्यात खाली तिचा एक फोटो होता, निळ्या गणवेशातला, दोन वेण्या. तो माझ्या कपाटाच्या काचेला आतून लावलेला असायचा. मी उठून कपाटाकडे गेले. काचेवर चिकटपट्टीचे चार तुकडे होते. किती दिवस तसे होते कोण जाणे, मी रोज ते कपाट उघडत होते.

दीड-दोन वर्षांच्या शिक्षणाला जाणारं माणूस आपले वाळे नेत नाही.

मी जमिनीवर बसून राहिले. त्या साहेबाने कागदांवरून जे ओळखलं होतं ते अक्षरन्अक्षर खरं होतं. ज्याला आम्ही शिव्या घातल्या त्याने माझ्या भाचीला माझ्यापेक्षा जास्त ओळखलं होतं. मला राग आला, खूप राग आला, आणि त्याखाली जी भीती होती ती तर विचारूच नका. दाखला तेवढा काढून घेतला, बाकी सगळं होतं तसं ठेवलं. माझ्या कपाटातला फोटोही परत बॅगेतच ठेवला.

दोन दिवसांनी भाचीला घेऊन खालापूरला वकिलाकडे गेले. प्रतिज्ञापत्र मी रात्रभर जागून नव्हे, सकाळी अर्ध्या तासात लिहिलं होतं, असले अर्ज माझ्या हातचा मळ. वकिलाकडे गर्दी होती म्हणून आम्ही बाहेर बाकावर बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी सरळ पाहिलं.

"आत्या, बॅग उघडलीस ना."

मी हो म्हटलं.

"मी कुणावर रागवून नाय चाल्ले गं. आई-पप्पांनी काय कमी केलं नाय. पण त्या साहेबानं मला कधी बघितलं नाय आणि त्याला कळलं. तुमी रोज बघता, तुमाला कुणाला कळलं नाय." मग म्हणाली, "तुला नाय पटत तर लिहून नको देऊ. पण मी इथं नाय आत्या. तू बघत्येस ना."

बघत होतेच की. दोन महिने दुसरं काय बघत होते? मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. मला टाकून जातेस, म्हणून भांडावंसं वाटलं. माझं म्हातारपण, माझं घर, सगळं तोंडावर आलं होतं. पण तिच्या हाताला हात लावला तर तो असा गार आणि असा हलका होता की मी तो दोन्ही हातांत धरून बसले.

आत वकिलाने कागद चाळला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, बाई, शपथेवरचं आहे, शेवटचा परिच्छेद तेवढा वाचून दाखवा. मी वाचला. माझी भाची शिक्षण पूर्ण करून परत येईल व माझा सांभाळ करील, याची मला पूर्ण खात्री आहे.

"खात्री आहे ना, बाई?"

मी आयुष्यात हजेरीपटावर गैरहजर पोराची हजेरी लावली नाही. साहेब तपासणीला यायचे, पट कमी दिसेल म्हणून मुख्याध्यापक हातापाया पडायचे, तरी लावली नाही. भाची माझ्या शेजारी उभी होती, खाली बघत.

"आहे," मी म्हटलं आणि सही केली.

व्हिसा डिसेंबरात आला. बॅग माझ्या घरूनच गेली, सरळ मुंबईच्या वाटेने, भावजयीच्या मनासारखी. विमानतळावर भाऊ लहान मुलासारखा रडला. भाची नाही रडली. तिच्या गालांवर रंग आला होता, ती हसत होती, चारचौघींसारखी चालत-बोलत होती. तिला तसं पाहून मला इतकं बरं वाटलं की मीच डोळे पुसले.

आता ती तिकडे आहे. फोन येतो, आधी आठवड्याला यायचा, आता महिन्याने येतो. भावाला तिला काही विचारायचा संकोच वाटतो, म्हणून ती कधी येणार ते तो मला विचारतो, शपथेवर मीच लिहून दिलंय ना. परवा आला होता. भावजयीने माळ्यावरची खोली पोरीसाठी तयार करायला काढली आहे, फरशी बसली, रंगारी उद्या येणार आहे. भिंतीला कुठला रंग द्यायचा ते विचारायला त्याला पाठवलं होतं. म्हणाला, तुला ठावं असंल आक्का, तिला कुठला आवडंल.

मी म्हटलं, फिका निळा दे.