माहूरच्या वाटेवर, भिंतीला पाणी पाजणारं गाव

भर उन्हाळ्यात, तेही अशा दुष्काळात, रेणुकामातेच्या दर्शनाला निघतो म्हटल्यावर घरात कुणी हो म्हणेना. पण आईकडं जायला ऋतू कशाला बघायचा? शिवाय वाटेत, भोकरच्या पुढं, थोरल्या बहिणीचं, अक्काचं गाव. तिच्याकडं दोन दिवस राहून पुढं जायचं ठरवलं आणि लातूरहून पहाटेची नांदेड गाडी धरली.

तुम्ही जाणार असाल तर अहमदपूर-लोहा करत ऊन चढायच्या आत नांदेड गाठा. पाण्याचा कॅन घरूनच न्या. माझे पैसे तिकिटापेक्षा बाटल्यांवर जास्त गेले. भोकरच्या गाडीत नांदेड तोडून नवा जिल्हा करायचा वाद रंगला होता.

"जिल्हा झाला की नळाला पाणी येतंय व्हय?"

"पाणी न्हाई, पण बोंब मारायला कलेक्टर तर जवळ येतोय!"

अक्काच्या गावात शाळेमागं सिमेंटची जुनी टाकी आहे. टँकर तिच्यात रिकामा होतो आणि खालच्या तोट्यांवर लोक भरतात. गेल्या वर्षी तिला चिरा पडल्या, अर्धं पाणी संध्याकाळपर्यंत झिरपून जायचं. मग बायका शेतातल्या विहिरीत उतरायच्या. अक्काची सून संगीताही उतरायची. यंदा तिला सातवा महिना.

"या वर्साला हिला विहिरीत उतरू द्यायची न्हाई बघ, बापू," अक्का म्हणाली.

मी पोचायच्या दोन-तीन दिवस आधी टाकी कोरडी पडली, तेव्हाच गावानं आतला गिलावा खरवडून नवा केला होता. पण उत्तममामा गवंडी म्हणाले, आठवडाभर पाणी मारलं नाही तर पुन्हा चिरा पडतील. बाहेरून सांडपाणी चालेल, आतून पिण्याचंच हवं. ते कुठून आणायचं? मग ठरलं, घरटी एक तांब्या सकाळी, एक संध्याकाळी. स्वच्छ धुतलेली गोणपाटं आतल्या भिंतींना लावली होती; ती सतत ओली ठेवायची.

मी संध्याकाळी अक्कासोबत तांब्या घेऊन गेलो. पलीकडच्या बुद्धविहाराच्या वस्तीतून, मारुतीच्या गल्लीतून बाया येत होत्या. पारावरचे एक आजोबा कुरकुरले, "मला चार दिसांपासून आंघोळ न्हाई, अन् भिंतीला दोन टाइम!"

"मग या की, तुमी बी भिंतीला टेकून उभं ऱ्हा," अक्का म्हणाली, "मारते तांब्याभर!"

आजोबाही हसले. टाकीत शिडीनं उतरून मी गोणपाटावर पाणी सोडलं. महादेवाच्या पिंडीवर सोडतो तसंच, हळूहळू. कुणाचं पाणी कुठं मुरलं, कळत नव्हतं. रात्री भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. पण पेल्यात पाणी उरवायचं धाडस झालं नाही.

माहूरचा गड भल्या सकाळी चढा, पायऱ्या तापतात. प्रसादाचा तांबूल चुकवू नका. देवीपुढं स्वतःसाठी मागायचं बरंच घोकून गेलो होतो. हात जोडले आणि तोंडून निघालं, "आई, भिंत धरू दे."

परत येताना अक्काकडं थांबलो, कारण त्याच दिवशी टँकर येणार होता. दुपारी टाकी भरली आणि गाव तिच्याभोवती जमलं. उत्तममामा टाकीभोवती फेऱ्या मारत होते. बायका बाहेरच्या भिंतीला तळवे लावून पाहत होत्या. ऊन कललं. अक्कानं जुन्या चिरेच्या जागी हात ठेवला, पुन्हा ठेवला, मग गालच टेकवला.

"कोरडी हाय गं! सगळी कोरडी हाय!"

दुष्काळात 'कोरडी' या शब्दावर माणसं इतकी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती. संगीतानं तोटी सोडली आणि उभ्या उभ्याच कळशी भरली. अक्का तिच्याकडं बघत राहिली.

घरी येऊन आता महिना होईल. संगीता अजून तोटीवरच भरते, असं अक्का फोनवर सांगते. आल्यावरच्या पहिल्याच सोमवारी पाण्याचा तांब्या घेऊन महादेवाला निघालो, तेव्हा वाटेतल्या आमच्या गावच्या टाकीला सहज हात लावला. इतकी वर्षं तिच्या शेजारून जातोय. हात ओला झाला. तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि आधी ग्रामपंचायतीत गेलो.