अहेव नवमीची सवाष्ण

अहेव नवमीच्या सकाळी दहाच्या सुमाराला धोंडीराम सुतार सोप्यातल्या बाजेवर आडवा होतो. झोपायचं त्याच्या मनात नाही. थोरल्या बहिणीशी, गंगूआक्काशी, भांडण झालंय आणि पाठ टेकल्याशिवाय त्याचा राग उतरत नाही.

त्याच्या बायकोला, अनूला, जाऊन दहा महिने झाले. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं आज एक सवाष्ण जेवू घालायची असते. गल्लीतली पाटलांची सून बोलवावी, असं आक्काचं म्हणणं. धोंडीरामला मालनला बसवायचं आहे. मालन आणि अनू तरुणपणी कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत रोजानं पिक्चरच्या गर्दीत उभ्या राहायच्या. शेवटचे सहा महिने अनूला हात उचलेना, तेव्हा मालनच रोज येऊन तिला भरवायची. आत्ताही ती आत पुरण वाटते आहे. पण मालनचा नवरा वारून चाळीसएक वर्षं झालीत. आक्का म्हणाली, कुंकू नसलेल्या बाईला त्या पाटावर बसवलंस तर घास पोचायचा नाही, अनू उपाशी राहील. तेवढं ऐकून तो सोप्यात आला.

पाट्यावरचा वरवंटा घर्र घर्र करतो. आवाज लांब जातो, परत जवळ येतो, आणि आता तो रंध्याचा आवाज आहे. धोंडीरामच्या पायाशी लाकडाचा भुसा पडलाय. समोर पन्हाळ्याचा दरवाजा उभा आहे, त्यानं स्वतः स्टुडिओत केलेला, फळ्या, गोणपाट आणि प्लॅस्टरचा. खोटा आहे हे माहीत असूनही माणसं त्याला हात लावून तो कपाळाला लावायची.

दरवाजातून घोडं येतं. घोड्यावर अनू. नऊवारीचा काष्टा, कमरेला लाकडी तलवार.

"घोडं धरा की. बघत काय राहिलाय?"

तो लगाम धरतो. त्याला नवल वाटत नाही. तो ताराराणीचा पिक्चर होता. हिरॉईन घोड्याला भ्यायची, म्हणून जवळून ती दिसायची आणि लांबून अनू. तोंड तिचं, पाठ माझी, असं अनू सगळ्यांना सांगायची. थेटरात आपली पाठ आली की त्याचं कोपर गच्च धरायची.

दरवाजापलीकडं गडाची माची असायला हवी, तर कोल्हापुरातला कावळा नाका आहे. रिक्षा आहेत, एसटी वळते आहे. घोडं त्यातून शांत चाललंय. चौकातल्या ताराराणीच्या पुतळ्याचा चौथरा रिकामा आहे.

"राणीसाहेब जेवायला गेल्या काय?" तो विचारतो.

अनू हसते. हसताना कपाळावरचं कुंकू दिसतं, चांगलं ठसठशीत. मेकपवाल्यानं लावलंय, ती सांगते. मग म्हणते, आठवतंय काय? राणी तेव्हा विधवा होती, हे कुंकू कसं, असं मालननं विचारलं होतं. मोकळं कपाळ पब्लिकला चालत नाही, असं मेकपवाला म्हणाला आणि मालनला सेटवरनं हाकललं. मालनचा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. अनू घोड्यावरनं उतरून बसली, मालनला परत आत घेईपर्यंत चढलीच नाही.

"आणि तुमी?"

धोंडीराम घोड्याच्या मानेकडं बघतो.

"खिळे ठोकत बसलासा," अनू म्हणते.

मोठी माणसं होती, त्याची रोजी होती, असं काहीबाही तो बोलतो. ती विचारते, आता कुठं आहे रोजी? आता कुणाला भ्यायचं?

मग तो विचारतो, जे विचारायला भीत होता ते. "आक्का म्हणती, मालन जेवली तर तुला पोचायचं न्हाई. खरं सांग. उपाशी राहशील?"

आता ते त्यांच्याच स्वयंपाकघरात आहेत. घोडं चुलीजवळ मावलंय.

"नवरा गेल्यावर सात वर्षं जिनं औरंगजेबाला दमवलं, तिला चौकात घोड्यावर बसवलंय सगळ्यांनी. मालनला नुसत्या पाटावर बसवायला तुमची आक्का आडवी?" अनू खाली वाकते. "तिनं भरवलेलं सहा महिने पोचलं. आजचं तेवढं पोचायचं न्हाई व्हय?"

घोडं उसळतं. लगाम हातातनं सरकतो. सोडा आता, अनू म्हणते. तो सोडत नाही. हात भाजून निघतो तरी धरून राहतो.

"सोडा की वो. घोडं माझं हाय."

तो डोळे उघडतो. आक्का कुंकवाचा करंडा घेऊन समोर उभी आहे, पाटलांकडं आमंत्रणाला निघालेली.

उजवा हात चुरचुरतो. धोंडीराम मूठ उघडतो. तळव्यावर आडवा लाल वळ आहे, दोन बोटं रुंद, कातडं सोललेलं. बाज नवारीची, वर गोधडी; हाताशी दोरी नाही, चामडं नाही. तो उठतो आणि पाटलांकडं जायचं कारण नाही म्हणून आक्काला सांगतो.

आक्का म्हणते, असं असेल तर मी दीडच्या गाडीनं इचलकरंजीला जाते.

"जेवून जा," तो म्हणतो.

आत मालन पुरणाचे हात धुवायला तयार नाही. "दाजी, नको. माझ्यापायी बहीणभावात वाकडं नको."

"त्या दिवशी खिळे ठोकत बसलो, मालन. आज न्हाई."

त्या दिवसाबद्दल तो इतक्या वर्षांत एक शब्द बोललेला नाही. मालन तांब्या ओढून हात धुते.

पाट तो मांडतो, पानही तोच वाढतो. पोळीवर तूप सोडताना वाटीचा चटका वळाला लागतो. मालन कपाळावर ओढलेला पदर मागं सारते आणि पहिला घास घेते.